दुधाचीच तर दाढ

सोलापूर,
९ ऑगस्ट २०२४

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून पत्र. एजन्सीच्या पत्त्यावर आलेलं टपाल तू उघडल्याशिवाय बाजूला ठेवत नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरी न पाठवता माढ्याला दुकानावर पाठवतेय.

सगळ्यात आधी हे वाच. पिंकी माझ्याकडे आहे. ताप उतरलाय, सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आता खुर्चीत बस आणि पुढचं वाच.

वहिनी पंचमीला मैंदर्गीला माहेरी जाते म्हणून निघाली, ते खोटं नव्हतं. ती जाणारच होती. पण एसटीत पिंकी तिच्या मांडीवर डोकं टाकून कण्हायला लागली, आणि सोलापूरच्या स्टँडवर उतरल्यावर वहिनीने अक्कलकोटची गाडी धरलीच नाही. रिक्षा केली आणि साखर पेठेत माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढली. "वन्सं, मी आले हे ह्यांना सांगू नका," हे तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "सांगणार तर आहेच. आधी पोरीला बघू दे."

म्हणून सांगतेय. आवाज चढवायचा असेल तर माझ्यावर चढव. मला सवय आहे.

पिंकीचा डावा गाल असा सुजला होता की जबड्याची कड बोटाला लागत नव्हती. सहा वर्षांचं लेकरू, आणि म्हाताऱ्या बाईसारखी गालाला हात लावून बसलेली. मी जवळ गेले तर तिने दोन्ही ओठ दातांच्या आत ओढून घेतले. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं तोंड मिटलं. आमच्या सावित्रम्मा इतकी वर्षं माझ्याबरोबर खुर्चीपाशी उभ्या असतात, हट्टी पोरं बघून त्यांचे केस पांढरे झालेत. त्याही हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ही पोरगी घाबरलीय असं नाही. हिनं ठरवलंय."

हिला आधी कुणीतरी दुखावलंय, हे मला तेव्हाच कळलं. कुणी, ते अजून कळलं नाही. कळेल तेव्हा लिहीन.

मी खुर्ची सोडली आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसले. विचारलं, "आबा मेंढराचं वय कसं सांगतात गं?"

ती ओठ न उघडता, नाकातल्या नाकात म्हणाली, "दात बघून."

"मग माझं सांग बघू."

मी आ केला. मग एक बोट आलं, माझा खालचा ओठ खाली ओढला गेला, आणि बाजारात मेंढरं पारखणाऱ्या आपल्या आबांसारखी मान तिरकी करून तिने आत बघितलं. "तू लई म्हातारी हायस आत्या," ती म्हणाली. "बाजारात कुणी घ्यायचं न्हाय तुला."

सावित्रम्मा हसता हसता भिंतीला टेकल्या. पिंकीला मात्र हसू आलं नाही, ती आपल्या कामात होती. मी म्हटलं, "आता तुझं वय सांगते. तू अजून सगळे दुधाचेच दात असलेली आदत आहेस का दोन पक्के दात आलेली दोनदाती, ते मला बघितल्याशिवाय कळणार नाही."

आणि तिने तोंड उघडलं, दादा. स्वतःहून.

त्या दिवशी मी आरशाने बघण्यापलीकडे काही केलं नाही. औषध दिलं. काल सूज थोडी बसल्यावर दाढेला वरून छोटंसं तोंड पाडून आतल्या पूला वाट करून दिली. तिने माझा कोपर धरून ठेवला होता. मी तिला सांगितलं होतं की दुखलं तर कोपर दाब, मी थांबते. एकदा दाबला. मी थांबले. मग तिनेच मान हलवून पुढे कर म्हणून सांगितलं.

हे काम मी चांगलं करते. तू कधी बघितलं नाहीस म्हणून सांगतेय.

पुढचे काही दिवस तिला इथेच राहावं लागेल. पंचमीचे पुरणाचे दिंड सावित्रम्मांनी करून आणलेत. तुझी बायको झोका मिळाला नाही म्हणून रुसलेली नाही, निवांत झोपलीय.

तुझी,
पूनम

*

सोलापूर,
१२ ऑगस्ट २०२४

दादा,

वहिनीच्या फोनवर तू जे बोललास ते ऐकायला मला कान लावावा लागला नाही. तुझा आवाज तसाही माढ्यातून सोलापुरात पोचतो. "दुधाचीच तर दाढ हाय! आज ना उद्या पडणारच! उपटून टाक म्हणावं तिला, आन् घरी या!"

आता माझं ऐक. शेवटपर्यंत.

ही दाढ पडणार आहे, खरंय. पण पिंकी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर. आत्ता ती सहाची आहे. तोवर ही दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागा धरून ठेवते. आज उपटली तर मागची सरकून पुढे येईल आणि खालची यायच्या वेळी तिला जागाच नसेल. आपली बाजारातली जागा एक दिवस सोडली तर शेजारचा आपली ताडपत्री कशी पसरतो, ते तुला मी सांगायला नको.

आणि मागे कोण आहे, माहीत आहे? तिची पहिली पक्की दाढ. नवीकोरी, नुकतीच हिरडीतून वर आलेली. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप येते. म्हणून घरोघरी आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. पिंकीच्या त्या दाढेच्या खाचेत आत्ताच कीड लागायला सुरुवात झालीय. ती दाढ तिला जन्मभर पुरवायची आहे.

एक्स-रे काढलाय. दुधाच्या दाढेची मुळं शाबूत आहेत, म्हणून मी ती वाचवणार. मुळं गेली असती तर मीच काढली असती, तुझ्या सांगण्याची वाट बघितली नसती. आतली खराब नस साफ करायची, औषध भरायचं, वर स्टीलची टोपी बसवायची. पक्क्या दाढेची कीड खरवडून तिथे दाताच्याच रंगाचं सिमेंट भरायचं. पिंकीच्या आईने हो म्हटलंय. तुझं हो मिळालं तर आनंद होईल. नाही मिळालं तरी दाढ वाचेल.

आता दुसरं. तू नऊ महिने ज्यावरून माझ्याशी बोलत नाहीस ते.

पिंकीच्या शाळेच्या कार्यक्रमात पाहुणी म्हणून मला बोलवावं, हे तूच मुख्याध्यापकांना सुचवलंस. "माझी बहीण सोलापुरात लहान पोरांच्या दातांची डॉक्टर हाय," हे तू अख्ख्या माढ्याला सांगत होतास. माझ्या गळ्यात हार पडला तेव्हा पुढच्या रांगेत सगळ्यात मोठ्याने टाळ्या तू वाजवल्यास, मी बघितलं. आणि मग मी पिशवी काढली आणि शाळेच्या गेटवर विकत घेतलेली जेली, क्रीमची बिस्किटं, चिकट टॉफ्या, चॉकलेटच्या ट्यूबा टेबलावर मांडल्या आणि म्हटलं, तुमच्या पोरांचे दात हे खातंय.

माल तुझ्या एजन्सीचा आहे हे मला माहीत होतं का? माहीत होतं. आधी तुला सांगितलं असतं तर तू मला बोलूच दिलं नसतंस. त्या दिवशी स्टेजवरून समोर बसलेल्या पोरांची तोंडं दिसत होती मला. पहिल्या रांगेतल्या पोरांचे पुढचे दात काळे खुंट झालेले. मी त्यांची डॉक्टर आहे, तुझी जाहिरात करायला आले नव्हते. आज पुन्हा त्या स्टेजवर उभी राहिले तर तेच बोलेन.

तू म्हणालास, "सख्ख्या भनीनं भर सभेत मला चोर ठरवलं." मी चोर म्हटलं नव्हतं. तू तसं ऐकलंस.

आता जे पहिलं पत्र लिहिताना मला माहीत नव्हतं ते. पिंकीने काल टोपी निवडता निवडता सांगितलं. कुठल्याशा दवाखान्यात तिला महिन्याभरापूर्वी नेलं होतं. सुई दिसली म्हणून ती उठली, तर एकाने डोकं धरलं, एकाने हात. "आन् पप्पांनी पाय धरलं," ती म्हणाली. तिने त्या डॉक्टरचं बोट चावलं आणि तुम्ही परत आलात.

तिने हे चुगली म्हणून सांगितलं नाही. पंखा गरगरत होता, भिंत हिरवी होती, पप्पांनी पाय धरले, असं सगळं एका सुरात.

मला राग आला, पण तुझा नाही. तू पाय धरलेस कारण तिचं दुखणं तुला बघवत नव्हतं आणि दुसरं काय करायचं ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. ते शिक्षण मला मिळालंय, पोराला धरून न ठेवता काम कसं करायचं याचं. तुला नाही. तू ते ओझं घेऊन फिरत असशील तर खाली ठेव.

पूनम

*

सोलापूर,
२० ऑगस्ट २०२४

दादा,

काल राखी होती आणि तू टेम्पो घेऊन दोघींना न्यायला आलास. वर आला नाहीस. रस्त्याच्या पलीकडे रसवंतीच्या सावलीत टेम्पो लावून उभा राहिलास आणि वहिनीला फोन केलास, "खाली या."

मी खिडकीतून बघत होते. तुला ते कळत होतं, कारण एकदाही वर न बघता इतका वेळ उभं राहायला फार ताकद लागते.

पिंकी पळत गेली. तिने तुला वाकवलं, आ केला आणि बोटाने गाल ओढून टोपी दाखवली. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, पण वहिनीने नंतर सांगितलं. तू म्हणालास, "चांदीची हाय व्हय गं?" आणि ती म्हणाली, "न्हाय, स्टीलची. माजी मीच निवडली. आन् पप्पा, मी रडले न्हाय."

मग तू तिला उचलून टेम्पोत बसवलंस आणि बराच वेळ गाडी चालू केली नाहीस. मागचे हॉर्न मारत होते.

काम सगळं झालंय. टोपी बसली, पक्क्या दाढेत सिमेंट भरलं, बाकीच्या दातांना कीड लागू नये म्हणून वर औषधाचा लेप दिलाय. आता घरचं काम. पिंकी सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश तिचा तिने करायचा नाही, मोठ्या माणसाने करून द्यायचा. तिचा हात अजून मागच्या दाढांपर्यंत नीट पोचत नाही. फ्लोराइड असलेली पेस्ट, वाटाण्याएवढी. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही, दूधसुद्धा नाही. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर दे. दिवसभर थोडं थोडं चघळणं सगळ्यात वाईट. आणि महिन्यातून एकदा उजेडात बसवून ओठ वर करून बघायचं. हिरडीजवळ पांढरी रेघ दिसली, काळा ठिपका दिसला, तर दुखायची वाट न बघता माझ्याकडे.

दिवाळीच्या आसपास तिला आण. उरलेल्या पक्क्या दाढा तोवर पूर्ण वर येतील. त्यांच्या खाचा कीड लागायच्या आधीच बुजवायच्या आहेत. सुई नाही, मशीन नाही. तिला सांग.

राखी वहिनीच्या पिशवीत ठेवलीय. बांधायची का नाही, तुझं तू बघ.

पूनम

*

सोलापूर,
२२ नोव्हेंबर २०२४

दादा,

दिवाळी झाली. तू पिंकीला आणलं नाहीस. वहिनी फोनवर म्हणते, "यांना सवड न्हाय, ऊस चालू झालाय, ऊसतोड टोळ्यांच्या किराण्याच्या खेपा हायत." असतील. पण बाकीच्या दाढांच्या खाचा तुझ्या खेपा संपायची वाट बघत बसणार नाहीत. वहिनीला एसटीने पाठव. माणसावरचा राग पोरीच्या दाढेवर काढू नये.

शाळेचंही पत्र आलंय. मी मुलांचे दात तपासायला येते, खाचा बुजवते, लेप देते, असं कळवलं होतं. त्यांनी लिहिलंय की पालक समितीचा सध्या विचार नाही. समितीत तू आहेस. मी तुला काही विचारत नाही. करमाळ्याच्या एका शाळेत गेल्या आठवड्यात जाऊन आले, पोरांनी रांगेत उभं राहून एकमेकांची तोंडं तपासून ठेवली होती. तुमच्या शाळेचीही वेळ येईल. मला घाई नाही, आणि मी थकतही नाही.

खरं तर आज वेगळ्याच कारणाने लिहितेय.

परवा मी माढ्यात आले होते. तुझ्याकडे नाही. म्हाळसाबाईंकडे. माझ्या भाषणानंतर मुख्याध्यापकांनी गेटवरची त्यांची टपरी उठवली, आणि तू चुलत्यांजवळ म्हणालास की मी एका एकट्या बाईच्या पोटावर पाय दिला. ते माझ्या कानावर आलं होतं. पोरांचे दात आणि त्या बाईची चूल यातलं एकच वाचणार असेल, तर माझं काम अर्धंच झालं. म्हणून म्हटलं, जाऊन बघावं, काही करता येतं का.

म्हाळसाबाई बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या दिसल्या. पुढ्यात फुटाणे, खारे शेंगदाणे, पेरूच्या फोडी, कढईत उकडलेल्या शेंगा. शाळा सुटल्यावर पोरं तिकडेच वळतात. मला ओळखलं. मी मनात तयारी करून गेले होते की शिव्या बसतील.

त्या म्हणाल्या, "तूच न्हवं का ती दाताची डाक्टरीन? बस. शेंगा खा."

मी म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं तुमची टपरी गेली."

"टपरी गेली व्हय," त्या म्हणाल्या. "लई राग आल्ता तुजा. मग तुजा भाऊ आला. शेंगदाण्याचं पोतं टाकलं हितं, कढई दिली, आन् म्हणला, मावशे, ह्याचं काय कुणाला सांगू नगंस. सोलापुरात तर मुळीच न्हाय."

आता तू कपाळाला हात लावला असशील. त्यांनी सांगितलं, कारण मी विचारलं. आणि तुला तर माहीतच आहे, मी विचारल्यावर लोक तोंड उघडतात.

दादा, नऊ महिने आणि वर हे तीन. तू मला ओरडून सांगत होतास की मी चुकले, आणि तिकडे गुपचूप शेंगदाणे पोचवत होतास. मी तिथेच बाजारात उभी राहून शेंगा खाल्ल्या आणि मला इतकं हसू आलं की म्हाळसाबाईंनी मला पाणी दिलं. हसतानाच डोळ्यांत पाणी कधी आलं कळलं नाही. त्यांनी ते बघितलं. त्यांच्याकडून तुला कळायच्या आधी मीच कळवते.

एजन्सीच्या बोर्डाखाली तुझा टेम्पो उभा होता. मी समोरून गेले. थांबले नाही. पुढच्या वेळी थांबेन.

तुझी,
पूनम

*

माढा,
५ डिसेंबर

पुनी,

शाळा सुटल्यापास्नं पत्र लिवलं न्हाय. अक्षराला हसू नगंस.

तू बरोबर होतीस आसं मी लिवणार न्हाय. सभंत तू मला न सांगता माल मांडलास ते मला आजून बरं वाटत न्हाय, आन् वाटणार न्हाय. ते एकदा लिवलं, संपलं.

आता पुडचं. मुख्याध्यापकाला मी भेटलो. जानेवारीत ये. समितीत कोण काय बोलल ते मी बघतो. एजन्सी मी सोडणार न्हाय, ह्यावर माजं घर चालतं. पण शाळंच्या आसपासच्या दुकानात माजी गाडी आता गोळ्या टाकत न्हाय. फुटाणं, शेंगदाणं, राजगिऱ्याच्या वड्या टाकती. वड्यात बी गूळ आस्तो म्हणशील. म्हण. एका दिवसात सगळं मागू नगंस.

आसं का केलं ते सांगतो. तू लिवलं व्हतंस, ब्रश मोठ्या माणसानं करून द्यायचा. तुज्या वहिनीच्या मागं जेवणाची भांडी, शेळ्यांचं, म्हातारीचं, समदं. तवा ते माज्याकडं आलं. पयल्या दिशी मी ब्रश घिऊन बसलो, तर पिंकी उठून दाराशी जाऊन उभी राहिली. म्हणली, "पप्पा, पाय धरणार न्हाईत न्हवं?"

मी भाईर गेलो. आंगणात उभा राहिलो. तू लिवलं व्हतंस वझं खाली ठेव. कागदावर सोपं आस्तंय ते.

मग तुजी आठवण झाली. मी खाली बसलो आन् ब्रश तिच्याच हातात दिला. म्हणलं, तूच माजं दात घास आदी. लई दिवस ती माजं घासत व्हती, मी तिचं न्हाय. माज्या हिरड्या सोलून काढल्या पोरीनं. मग एक दिस आपसूक येऊन माज्या मांडीवर डोकं टाकून आ करून पडली. आता रोजचं झालंय. जेवणं झाली की तीच ब्रश घिऊन येती, मला उशीर झाला तर माज्यावरच वरडती. टोपी घट्ट हाय. सूज परत आली न्हाय. तू भरलेल्या दाढंनं ती परवा ऊस खात व्हती, मीच काढून घेतला.

पण पुनी, तू मला एक लई वंगाळ सवय लावलीस. ओठ वर करून बघायची. आता माज्या डोळ्याला दुसरं दिसतच न्हाय. टेम्पो कुटंबी थांबला की पोरं पळत येतात, गोळीवालं मामा आलं, गोळीवालं मामा आलं. आदी मला त्याचा आभिमान वाटायचा. मूठभर गोळ्या उधळायचो. आता पोरं हसत्यात तवा मला त्यांचं दातच दिसत्यात. मी दुकानदाराशी बोलतोय, आन् नजर पोराच्या तोंडात. दुकानदार म्हणला, "धनाजी, काय हरवलंय का?"

मागल्या आठवड्यात ऊसतोड्यांच्या टोळीवर किराणा टाकाया गेल्तो. बीडकडची माणसं हायत. पाचटाच्या कोपीसमोर एक पोरगी बसली व्हती, चार-पाच वर्साची, मांडीवर धाकटं भावंड. तिचं वरचं म्होरलं दात न्हाईतच, नुसतं काळं खुंट. आन् एका खुंटावर हिरडीला फोड. पूर्वी मी गोळी दिऊन म्होरं गेलो आस्तो. मी गाडी बंद केली आन् खाली बसलो. तिच्या आईला इचारलं, तर ती म्हणली, आमी पाटं उसाच्या फडात जातो, पोरगी रडती म्हणून भिजवलेली बिस्किटं आन् साखरंचा चहा दिऊन जातो. दुसरं काय देऊ दादा? बिस्किटं माज्याच गाडीतली व्हती.

तिच्या आईला मी समजावलंय. माजी बहीण सोलापुरात पोरांच्या दाताची डाक्टर हाय, तिच्याइतकी चांगली ह्या जिल्ह्यात दुसरी न्हाय, आसं म्हणलं. तू हे वाचून फुगू नगंस. मुकादमाला सांगून आईला एक दिस फडावरनं सोडवलंय. सोमवारी दोगींना घिऊन येतो. वर येतो. पिंकीला बी आणतो, तिच्या ऱ्हायलेल्या दाढांचं कर, आन् ती त्या पोरीला काय काय करायचं ते सांगल म्हणती.

ह्या पोरीचं नाव रुपाली. मी तिला इचारलं व्हतं, बाळा, दात दुखत्यात का गं?

ती माज्याकडं बगत ऱ्हायली, जणू मी काय येड्यासारकं इचारलंय. म्हणली, "रोजच दुखत्यात की. तुमचं न्हाय व्हय दुखत?"

तिला वाटतंय समद्यांचंच दुखतंय, पुनी.

सोमवारी पयला नंबर आमचा ठेव.

धनाजी